डोळा आणि नाक : संवेदनेचा माग सिनॅप्सपर्यंत कसा काढावा

डोळ्यावर प्रकाश पडतो, नाकात गंधाचे रेणू शिरतात आणि मेंदूला त्यांची जाणीव होते, एवढे वर्णन शालेय पुस्तकांत सापडते. त्यापुढे जाऊन दोन चेतापेशींमधल्या संपर्कस्थानावर, म्हणजे सिनॅप्सवर, काय घडते हे जाणून घ्यायचे असेल तर नुसत्या वाचनाने फारसे हाती लागत नाही. मार्ग स्वतः कागदावर आखावा लागतो. जीवशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि चिकाटीने वाचणारे इतर वाचक यांना ही आखणी करता यावी, यासाठी तिची एक पद्धत येथे दिली आहे. साहित्य म्हणून एक मोठा कोरा कागद, लाल आणि निळी पेन्सिल, आणि पडताळणीसाठी एक गडद काचेचा गॉगल, दोरा, वजन, उदबत्ती व लिंबाची साल एवढे पुरेसे आहे.

प्रत्येक सिनॅप्सला विचारायचे प्रश्न

कागदावर पेशी वर्तुळाने आणि सिनॅप्स बाणाने दाखवावा. प्रत्येक बाणाशी थांबून पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उद्दीपन नसताना अलीकडची पेशी गप्प असते की सतत रसायन सोडत असते? ती कोणते रसायन सोडते? त्या रसायनाचा पलीकडच्या पेशीवरील ग्राही (रसायन टिपणारे प्रथिन) कोणत्या जातीचा आहे, म्हणजे तो स्वतःच आयनांची वाट आहे, की पेशीच्या आत अभिक्रियांची साखळी सुरू करणारा आहे? या सोडण्यावर तिसऱ्या एखाद्या पेशीचा अंकुश आहे का? आणि किती पेशी किती पेशींशी जोडलेल्या आहेत?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व द्यावे. ‘ग्लुटामेट उत्तेजक आणि गाबा शामक’ हे वाक्य परीक्षेपुरते चालते. दृष्टिपटलाच्या पहिल्याच सिनॅप्सवर मात्र ते कोसळते. रसायनाला स्वतःचे चिन्ह नसते, ते चिन्ह घेणाऱ्या पेशीवर ठरते. अलीकडच्या पेशीचा व्होल्टेज ज्या दिशेने बदलतो त्याच दिशेने पलीकडच्या पेशीचा बदलत असेल तर बाण लाल काढावा आणि त्यावर अधिक चिन्ह लिहावे; दिशा उलटत असेल तर निळा बाण आणि उणे चिन्ह. संपूर्ण मार्गाचा परिणाम काढण्यासाठी ही चिन्हे गुणावीत, कारण दोन उणे मिळून अधिक होतात हा बीजगणिताचा नियम येथे शब्दशः लागू पडतो.

दृष्टिपटल : अंधारात बोलणाऱ्या पेशी

मानवी दृष्टिपटलात अंधुक प्रकाशासाठीच्या दंडाकार पेशी सुमारे ९ ते १२ कोटी, तर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकाकृती पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे अनपेक्षित आहे. या पेशी अंधारातच सर्वांत सक्रिय असतात. अंधारात त्यांच्या आतील सीजीएमपी हा रेणू आयनमार्ग उघडे ठेवतो, त्यांतून सोडियम व कॅल्शियम आत येत राहतात, पेशीचा व्होल्टेज सुमारे उणे ४० मिलिव्होल्ट इतका राहतो आणि तिच्या टोकाकडून ग्लुटामेट अखंड झिरपत असते. प्रकाशकण पडला की ऱ्होडॉप्सिन या प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनामधील रेटिनल रेणूचा आकार बदलतो, ट्रान्सड्युसिन हे प्रथिन जागे होते, त्यामुळे सीजीएमपी तोडणारे विकर कामाला लागते, आयनमार्ग बंद होतात आणि प्रखर प्रकाशात व्होल्टेज उणे ७० च्या आसपास उतरतो. थोडक्यात, प्रकाश दिसला की पेशी ग्लुटामेट सोडणे कमी करते. म्हणून कागदावर ‘प्रकाश’ आणि ‘प्रकाशग्राही पेशी’ यांच्यामधला पहिलाच बाण निळा काढावा.

या पेशींचे टोकही वेगळे आहे. मेंदूतील बहुतेक सिनॅप्स आवेग (चेतातंतूतून धावणारा विजेचा छोटा ठोका) आल्यावर झटक्यात रसायन सोडतात, तर येथे आवेग नसतोच. व्होल्टेज सावकाश वरखाली होतो आणि त्या प्रमाणात कॅल्शियम आत येते. हे अखंड सोडणे निभावण्यासाठी टोकाशी एक पट्टीसारखी रचना असते, जिच्यावर रसायनाच्या पिटुकल्या पिशव्या रांगेने चिकटून तयार असतात. या सिनॅप्सना रिबन सिनॅप्स म्हणतात.

आता पुढचा बाण. एकाच शंकाकृती पेशीचे ग्लुटामेट दोन प्रकारच्या द्विध्रुवी पेशींवर, म्हणजे प्रकाशग्राही आणि पुढच्या पेशींमधल्या दुव्यांवर, पडते. ‘ऑफ’ प्रकारच्या पेशीवर एएमपीए किंवा कायनेट जातीचे ग्राही असतात, आणि हे ग्राही म्हणजेच आयनांची वाट. ग्लुटामेट आले की वाट उघडते, ग्लुटामेट घटले की बंद होते. बाण लाल. ‘ऑन’ प्रकारच्या पेशीवर मात्र एमग्लूआर-६ नावाचा ग्राही असतो. ग्लुटामेट त्याला चिकटले की पेशीच्या आतील साखळीमुळे टीआरपीएम-१ हा आयनमार्ग बंद होतो आणि ग्लुटामेट घटले की तो उघडतो. बाण निळा. आता गुणाकार करावा. प्रकाश ते प्रकाशग्राही उणे, तेथून ऑन द्विध्रुवी पेशीपर्यंत पुन्हा उणे, तेथून मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या गँग्लियन पेशीपर्यंत अधिक. उत्तर अधिक, म्हणजे प्रकाश वाढला की ही गँग्लियन पेशी अधिक आवेग पाठवते. दुसऱ्या शाखेत उणे, अधिक, अधिक. उत्तर उणे, म्हणजे सावली पडली की ती पेशी बोलते. ‘उजळले’ आणि ‘अंधारले’ या दोन बातम्या वेगळ्या रसायनांनी निर्माण होत नाहीत. एकाच रसायनाच्या दोन ग्राहींनी त्या पहिल्याच सिनॅप्सवर वेगळ्या होतात, आणि माझ्या मते संवेदी चेताशास्त्रातील हा सर्वांत देखणा मुद्दा आहे.

ही चिन्हे कागदावरचा खेळ नाहीत याचा पुरावा दवाखान्यात मिळतो. एमग्लूआर-६ किंवा टीआरपीएम-१ यांच्या जनुकांत दोष असेल तर जन्मजात, न वाढणारे रातांधळेपण येते. अशा रुग्णाच्या दृष्टिपटलाचा विद्युत आलेख घेतला तर प्रकाशग्राही पेशींमुळे उमटणारा सुरुवातीचा खालचा ‘ए’ तरंग दिसतो, पण ऑन द्विध्रुवी पेशींमुळे उमटणारा वरचा ‘बी’ तरंग जवळजवळ नसतो. पेशी शाबूत, संदेशही शाबूत, पण घेणारा ग्राही नाही.

दंडाकार पेशींचा मार्ग हा या पद्धतीचा खरा सराव आहे, म्हणून तो स्वतः आखावा. लागणारी माहिती अशी : दंडाकार पेशी एमग्लूआर-६ असलेल्या एकाच प्रकारच्या द्विध्रुवी पेशीला मुख्यतः जोडलेल्या असतात, ही द्विध्रुवी पेशी गँग्लियन पेशीकडे थेट न जाता एआयआय नावाच्या अमाक्राइन पेशीवर (दृष्टिपटलातल्याच एका मधल्या पेशीवर) ग्लुटामेट सोडते आणि तेथे एएमपीए ग्राही असतात, एआयआय पेशी एका बाजूने शंकाकृती मार्गातील ऑन द्विध्रुवी पेशीशी थेट विद्युतजोडाने जोडलेली असते, तर दुसऱ्या बाजूने ऑफ द्विध्रुवी पेशीच्या टोकावर ग्लायसीन सोडून तिला दाबते. गुणाकार बरोबर झाला असेल तर प्रकाशात ऑन शाखा उत्तेजित आणि ऑफ शाखा दबलेली, असेच उत्तर येईल. रात्रीसाठी वेगळी तार टाकण्याऐवजी निसर्गाने दिवसाच्याच मार्गात एक सांधा जोडला आहे.

याच मार्गावर आणखी एक बारकावा नोंदवावा. १९४२ साली हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवले की अंधाराला सरावलेल्या माणसाला प्रकाशाची जाणीव होण्यासाठी दृष्टिपटलात मोजके, म्हणजे सुमारे ५ ते १४ प्रकाशकण शोषले गेले तरी पुरते. हे कण शेकडो दंडाकार पेशींवर विखुरलेले असल्याने एकेका पेशीला एकच कण ओळखता येत असला पाहिजे. पण एका द्विध्रुवी पेशीवर अनेक दंडाकार पेशींचे संदेश येतात, आणि त्यांतील बहुतेकांत फक्त विद्युत खळबळ असते. ती सगळी बेरजेत घेतली तर खरा संदेश बुडून जाईल. यावरचा उपाय सिनॅप्सवरच आहे : अंधारात एमग्लूआर-६ ची साखळी इतकी पूर्ण क्षमतेने चाललेली असते की ग्लुटामेटमधील किरकोळ घट तिला जाणवतच नाही, मोठी घट झाली तरच आयनमार्ग उघडतो. काही खरे प्रकाशकणही या चाळणीत गमावले जातात, पण खळबळ त्याहून कितीतरी अधिक गाळली जाते.

चौथ्या प्रश्नासाठी, म्हणजे अंकुशासाठी, क्षैतिज पेशी काढाव्यात. त्या अनेक शंकाकृती पेशींकडून ग्लुटामेट घेतात आणि उलट त्यांच्याच टोकांवर दाब ठेवतात. हा दाब नेमका कोणत्या यंत्रणेने पडतो यावर संशोधकांत अजून वाद आहे. शेजाऱ्यांवर प्रकाश पडला की क्षैतिज पेशी शांत होते, दाब सुटतो आणि मधल्या शंकाकृती पेशीचे ग्लुटामेट वाढते. म्हणजे शेजारचा प्रकाश मधल्या प्रकाशाच्या विरुद्ध काम करतो. मांजराच्या गँग्लियन पेशींत मध्य आणि भोवताल यांचा हा विरोध स्टीफन कुफलर यांनी १९५३ मध्ये नोंदवला होता. येथून पुढे सुमारे १० ते १५ लाख तंतूंच्या दृष्टिचेतेतून संदेश थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्राकडे जातो. तेथील पेशीवरच्या एकूण सिनॅप्सपैकी दृष्टिपटलाकडून आलेले जेमतेम दहावा हिस्सा असतात, बाकीचे बहुतांशी मेंदूच्या बाह्यपटलाकडून आणि इतर केंद्रांकडून आलेले असतात. तो विषय मोठा आहे. आपला माग येथे थांबवून नाकाकडे वळावे.

नाक : गंधाची बेरीज आणि परतफेड

कागदाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर घ्राणमार्ग आखावा. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्याच्या उलट आहे. गंध नसताना घ्राणपेशी बहुतांशी शांत असते आणि गंधाचा रेणू आला की उत्तेजित होते. नाकाच्या वरच्या भागातील घ्राणपटलात तिच्या केसरांवर गंधग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींचे जनुककुटुंब शोधले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात कार्यरत असलेले असे सुमारे ४०० ग्राही आहेत, उंदरात हजाराच्या वर. एक पेशी साधारणपणे एकाच जातीचा ग्राही बाळगते.

रेणू चिकटला की आत सीएएमपी हा सीजीएमपीसारखाच रेणू वाढतो, आयनमार्ग उघडतो, सोडियमसोबत कॅल्शियम येते आणि ते कॅल्शियम क्लोराइडचे मार्ग उघडते. येथे एक सापळा आहे. घ्राणपेशीत क्लोराइड मुद्दाम साठवलेले असते. म्हणून मार्ग उघडल्यावर ऋणभारित क्लोराइड बाहेर पडते आणि पेशी अधिकच उत्तेजित होते. याच मार्गावर दोन पायऱ्या पुढे, संदेश मेंदूत पुढे नेणाऱ्या मायट्रल पेशीवर, गाबामुळे क्लोराइडचे मार्ग उघडतात तेव्हा मात्र ती पेशी दबते. आयन तोच, परिणाम उलट. म्हणून बाणाशेजारी आयनाचे नाव लिहिताना तो आत जातो की बाहेर येतो हेही लिहावे.

घ्राणपेशीचा तंतू कवटीच्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या गंधासाठीच्या पहिल्या केंद्रात, शिरतो. एका जातीचा ग्राही बाळगणाऱ्या, घ्राणपटलभर विखुरलेल्या हजारो पेशींचे तंतू ग्लोमेरुलस नावाच्या गोलाकार गाठीत एकत्र येतात. उंदरात प्रत्येक जातीसाठी एका घ्राणकंदात साधारण दोन अशा गाठी असतात. प्रत्येक गाठीतून संदेश घेणाऱ्या मायट्रल आणि टफ्टेड पेशी मात्र काही डझनच. पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हे प्रमाण ठळक लिहावे, कारण हजारो पेशींची बेरीज एका ठिकाणी झाली की प्रत्येकीची स्वतःची खळबळ एकमेकींना छेदते आणि सर्वांत समान असलेला संदेश उरतो. दृष्टिपटलातील दंडाकार पेशींनी हाच प्रश्न चाळणीने सोडवला, नाकाने तो बेरजेने सोडवला.

या सिनॅप्सवर ग्लुटामेट सुटते आणि पलीकडे एएमपीए व एनएमडीए हे दोन्ही ग्राही असतात. बाण लाल. पहिल्याच आवेगाला रसायन सुटण्याची शक्यता येथे फार जास्त असते, त्यामुळे लगेच दुसरा आवेग आला तर साठा कमी पडून प्रतिसाद लहान येतो. पहिल्या वासाची तीव्रता याच्याशी जुळते. अंकुशाची सोयही आहे. ग्लोमेरुलसभोवतीच्या पेशी गाबा आणि डोपामीन सोडतात, घ्राणतंतूच्या टोकावरील गाबा-बी आणि डी-२ ग्राही ते टिपतात, टोकात शिरणारे कॅल्शियम घटते आणि ग्लुटामेट कमी सुटते. वास जितका तीव्र तितका हा अंकुश घट्ट, म्हणून फार तीव्र वासानेही पुढची पेशी लगेच कमाल मर्यादेला पोहोचत नाही.

त्यानंतर येतो घ्राणकंदातील सर्वांत विलक्षण सिनॅप्स. ग्रॅन्युल पेशीला, म्हणजे मायट्रल पेशींना दाबणाऱ्या छोट्या पेशीला, अक्षतंतूच (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) नसतो. मायट्रल पेशी आपल्या आडव्या शाखेतून, म्हणजे पाठ्यपुस्तकाप्रमाणे केवळ ‘घेण्याच्या’ मानल्या गेलेल्या भागातून, ग्रॅन्युल पेशीच्या काट्यावर (शाखेवरील बारीक उंचवट्यावर) ग्लुटामेट सोडते आणि तोच काटा त्याच ठिकाणी गाबा परत करतो. रॉल, शेफर्ड, रीस आणि ब्राइटमन यांनी १९६६ मध्ये हे दुतर्फा सिनॅप्स मांडले, तेव्हा ‘शाखा घेते, अक्षतंतू देतो’ हा नियम अपुरा ठरला. कागदावर येथे एकमेकांविरुद्ध जाणारे दोन बाण काढावेत, मायट्रलकडून ग्रॅन्युलकडे लाल आणि परतीचा निळा. काट्यावरील संथ एनएमडीए ग्राहींमुळे ही परतफेड शेकडो मिलिसेकंद रेंगाळते. शिवाय ग्रॅन्युल पेशी जागी झाली की ती शेजारच्या दुसऱ्या मायट्रल पेशींनाही दाबते, त्यामुळे साधर्म्य असलेल्या दोन वासांचे नमुने एकमेकांपासून अलग व्हायला मदत होते. क्षैतिज पेशी दृष्टिपटलात जे करते त्याचेच हे घ्राणकंदातील रूप मानता येईल, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा : दृष्टिपटलात शेजार म्हणजे जागेचा शेजार, तर घ्राणकंदात जवळच्या दोन ग्लोमेरुलसना सारखेच रेणू आवडतील असे नाही.

पुढे मायट्रल पेशींचे तंतू थॅलॅमसला वळसा देऊन थेट पिरिफॉर्म बाह्यपटलात, म्हणजे मेंदूच्या गंधासाठीच्या बाह्यपटलात, जातात. तेथील एकेक पेशी अनेक ग्लोमेरुलसचे संदेश एकत्र घेते, त्यामुळे ‘हा रेणू’ याऐवजी ‘हा वास’ अशी ओळख तेथे आकार घेऊ लागते.

शोधनिबंधातील आलेख वाचताना

आपण काढलेली चिन्हे खरी आहेत का, हे प्रयोगांत औषधे टाकून तपासले जाते, आणि असे आलेख वाचता आले तर निम्मे शोधनिबंध उलगडतात. पेशीचा व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह मोजला असेल तर रेषा खाली जाणे म्हणजे धनभार आत येणे, म्हणजे बहुधा उत्तेजन; ते अपयश किंवा घट समजू नये. सीएनक्यूएक्स टाकल्यावर प्रतिसाद नाहीसा झाला तर तेथे एएमपीए किंवा कायनेट ग्राही होते, एपीव्ही टाकल्यावर प्रतिसादाची लांब शेपटी गेली तर ती एनएमडीएची होती, आणि गॅबाझीनने दाब सुटला तर तो गाबा-ए ग्राहीचा होता. दृष्टिपटलासाठी एल-एपी-४ हे औषध मोलाचे आहे : ते एमग्लूआर-६ ला ग्लुटामेट असल्याचा भास कायम करून देते, त्यामुळे ऑन मार्ग गप्प होतो आणि ऑफ मार्ग चालू राहतो. स्लॉटर आणि मिलर यांनी १९८१ मध्ये ते वापरून दोन्ही शाखा वेगळ्या करून दाखवल्या.

घरी करण्याजोग्या पडताळण्या

वजन बांधलेला दोरा टांगून लंबकासारखा डावीकडून उजवीकडे हलवावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त एका डोळ्यावर गॉगलची काच धरावी. लंबक सरळ न हलता लंबवर्तुळात फिरताना दिसतो, आणि काच दुसऱ्या डोळ्यावर घेतली की फिरण्याची दिशा उलटते. अंधुक प्रकाशात प्रकाशग्राही पेशी आणि त्यामागचा मार्ग संथ होतो, झाकलेल्या डोळ्याचा संदेश काही मिलिसेकंद मागे पडतो, आणि मेंदू त्या फरकाला खोली समजतो. कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये याचे वर्णन केले. त्यांना स्वतःला एकाच डोळ्याने दिसत असल्याने हा परिणाम त्यांनी कधी अनुभवला नाही.

काळ्या चौकोनांच्या जाळीत छेदबिंदूंवर दिसणारे करडे ठिपके मात्र पडताळणी म्हणून वापरताना सावध राहावे. पुष्कळ पुस्तके ते मध्य-भोवताल विरोधाचे थेट फळ म्हणून देतात. पण जाळीच्या रेषा किंचित नागमोडी काढल्या की ठिपके नाहीसे होतात, आणि गँग्लियन पेशींच्या साध्या गणितात या वळणाला तितके महत्त्व असायला नको. म्हणजे यात बाह्यपटलाचाही हात आहे.

गंधासाठी एक नाकपुडी बंद करून दुसरीने न पेटवलेल्या, कोऱ्या उदबत्तीचा वास घेत राहावा आणि श्वास तोंडाने सोडावा, नाहीतर वास घशामागून दुसऱ्या बाजूला पोहोचतो. वास मंदावल्यावर नाकपुडी बदलावी. वास पुन्हा ठळक झाला तेवढा भाग त्या बाजूच्या घ्राणपेशींच्या थकव्याचा होता, ज्यात आत आलेले कॅल्शियमच आयनमार्गाची संवेदनक्षमता घटवते. पूर्वीइतका ठळक झाला नाही तर उरलेला भाग दोन्ही बाजू एकत्र येतात तेथील, म्हणजे मेंदूतील, असावा. लगेच लिंबाची साल हुंगावी. तिचा वास जवळपास पूर्ण तीव्रतेने येतो, कारण तिचे रेणू बहुतांशी वेगळ्या ग्राहींवर आणि वेगळ्या ग्लोमेरुलसवर काम करतात.

तिसरी आखणी : फळमाशी

पद्धत हाताला बसली की तीच फळमाशीवर लावून पाहावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात माशीच्या उत्परिवर्तित वाणांवरून गंधज्ञानाच्या जनुकांचा माग घेतला होता, त्यामुळे हा प्राणी आपल्याकडील संशोधनालाही परका नाही. माशीच्या घ्राणपेशी ग्लुटामेटऐवजी ॲसिटिलकोलीन सोडतात, सुमारे ५० ग्लोमेरुलसमध्ये एकत्र येतात, आणि पुढे माशीच्या मेंदूतील सुमारे २,००० केनियन पेशींपैकी प्रत्येक पेशी सरासरी ६ ते ७ संदेश घेते. डोळ्याचे उत्तर तर पूर्ण उलटे निघते : माशीच्या प्रकाशग्राही पेशी प्रकाशात उत्तेजित होतात आणि हिस्टामीन सोडतात, पलीकडच्या पेशीवर ते थेट क्लोराइडचा मार्ग उघडते आणि ती पेशी दबते. चिन्हे लिहून पाहिली तर पहिला बाण लाल, दुसरा निळा, म्हणजे या पेशीपर्यंतचा गुणाकार उणे येतो. आपल्या ऑफ द्विध्रुवी पेशीपर्यंतचा गुणाकारही उणेच होता, फक्त तेथे पहिला बाण निळा आणि दुसरा लाल होता.